टाचदुखी : मजुरी न बुडवता घरच्या घरी काय करावं, फिजिओथेरपीचा उपयोग किती, इंजेक्शन कधी? संपूर्ण माहिती

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलं लंगडत चाललं की जरा बरं वाटतं. मग माणूस कामाला लागतो. दुपारी जेवून उठताना पुन्हा तीच कळ, आणि संध्याकाळी टाच ठणकायला लागते. ऊसतोड कामगार, खुरपणीला जाणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, मार्केट यार्डातले हमाल, एसटीचे वाहक, हॉटेलातले आचारी, गावभर फिरणाऱ्या आशाताई अशा सगळ्यांकडून ही तक्रार ऐकायला मिळते.

अशा माणसाला सगळे एकच सांगतात, "आराम कर." पण रोजंदारीवर पोट असणाऱ्याला महिनाभर आराम परवडत नाही. मग गोळी खाऊन, सुई टोचून दिवस ढकलला जातो आणि दुखणं वर्षभर रेंगाळतं. खरं तर या टाचदुखीचा मुख्य उपाय ना औषधाच्या दुकानात मिळतो ना ऑपरेशन थिएटरमध्ये. तो आहे ठरावीक व्यायामात, पायातल्या चपलेत आणि कामाच्या पद्धतीत. पैसे फारसे लागत नाहीत, मात्र तीन महिने चिकाटी लागते.

थोडक्यात

- सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेखाली कळ येणं ही या दुखण्याची मुख्य खूण आहे.
- एक्सरेत 'हाड वाढलेलं' दिसलं म्हणून घाबरू नये. ऑपरेशनची गरज फार थोड्यांना पडते.
- ताण देण्याचा व्यायाम रोज, टाचा उचलण्याचा व्यायाम दिवसाआड, असं किमान १२ आठवडे करावं.
- टाचेतल्या स्टेरॉईड इंजेक्शनचा आराम थोड्या दिवसांचा असतो. ते पुन्हा पुन्हा घेणं धोक्याचं आहे.
- शुगर असलेल्यांनी शेक, बर्फ आणि अनवाणी चालणं याबाबत जास्त काळजी घ्यावी.

टाचेत नेमकं दुखतं काय?

तळपायाच्या कातडीखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. तो टाचेच्या हाडापासून निघून पायाच्या बोटांच्या मुळापर्यंत जातो. डॉक्टर त्याला 'प्लांटर फॅसिया' म्हणतात. धनुष्याची दोरी जशी कमान ताणून धरते, तसा हा पट्टा तळपायाची कमान धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटं वर वळतात तेव्हा हा पट्टा घट्ट ताणला जातो आणि पाय पुढे ढकलायला त्याचा आधार मिळतो.

दिवसभर उभं राहणं, ओझं घेऊन चालणं, चढउतार करणं यामुळे हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे हजारो वेळा ओढ बसते. शरीर रोजची झीज भरून काढत असतं. पण झीज जास्त आणि भरपाई कमी असं झालं की तो भाग कमकुवत होतो, जाड होतो आणि दुखायला लागतो. या दुखण्याला 'प्लांटर फॅसिआयटिस' असं नाव आहे. नावावरून ही सूज वाटते, पण जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झिजेचा भाग जास्त असतो. म्हणून नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ते मुळापासून जात नाही.

सकाळीच जास्त का दुखतं, याचंही कारण आहे. झोपेत पावलं खाली झुकलेली असतात, त्यामुळे पट्टा आणि पोटरी रात्रभर आखडून राहतात. उठल्याबरोबर सगळ्या शरीराचं वजन त्या आखडलेल्या पट्ट्यावर एकदम पडतं.

कोणाला जास्त होतं?

दर दहा माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, असा अंदाज आहे. ४० ते ६० या वयात तो जास्त दिसतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचदुखीचे ५० रुग्ण आणि टाच न दुखणारे १०० जण यांची तुलना केली होती. त्यात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली, पोटरी आखडल्यामुळे घोट्यातून पाऊल वर न वळणं. दुसरी, जास्त वजन. तिसरी, कामाचा बराचसा वेळ उभ्याने जाणं.

आपल्याकडच्या कामांत यात आणखी काही गोष्टींची भर पडते.

- एकदम वाढलेलं काम : पावसाळ्यात काम कमी असतं आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू झाली की पहिल्याच दिवसापासून पहाटे ते रात्र. पायाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. एरवी न चालणारा माणूस वारीला निघाला की हेच होतं.
- उकिडवं बसणं : खुरपणीला, कांदा काढायला बाया टाचा उचलून चवड्यांवर बसतात. त्यात बोटं वर वळलेली राहून पट्टा तासन् तास ताणलेला राहतो.
- ओझं : उसाची मोळी, सिमेंटची गोणी, वाळूचं घमेलं डोक्यावर असलं की प्रत्येक पावलाला टाचेवर तेवढा जादा भार येतो.
- उडी मारणं : ट्रॉलीवरून, ट्रकवरून, ट्रॅक्टरवरून थेट जमिनीवर उडी मारायची सवय टाचेला महागात पडते.
- झिजलेली चप्पल आणि कडक फरशी : दिवसभर पातळ रबरी चप्पल आणि घरी आल्यावर शहाबादी फरशीवर अनवाणी वावर.

'टाचेचं हाड वाढलंय' म्हणजे काय?

एक्सरे काढला की बऱ्याच जणांच्या टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने काट्यासारखं टोक दिसतं. "हाड वाढलंय" असं ऐकलं की माणूस घाबरतो. हा काटाच आत टोचतोय आणि तो कापून काढल्याशिवाय सुटका नाही, असं त्याला वाटतं.

पण हे टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्सरेतही दिसतं. उलट टाच दुखणाऱ्या अनेकांना ते नसतं. दुखणं बरं झाल्यावरही एक्सरेतलं टोक तसंच राहतं. म्हणून 'हाड विरघळवणारं' औषध, तेल किंवा पट्टा विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. साध्या टाचदुखीला सुरुवातीला एक्सरेची गरजही नसते. उपचार करूनही आराम पडत नसेल किंवा दुसरा काही संशय असेल तर डॉक्टर तो काढायला सांगतात.

आपलं दुखणं हेच आहे का?

टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबल्यावर एका ठिकाणी नेमकं दुखत असेल, आणि बसून किंवा झोपून उठल्यावरची पहिली पावलं जड जात असतील, तर बहुधा हेच दुखणं असतं. पण टाच दुखण्याची दुसरीही कारणं आहेत :

- टाचेच्या मागे, वरच्या बाजूला दुखणं : हा पोटरीच्या जाड शिरेचा, म्हणजे अकिलीस टेंडनचा त्रास असू शकतो.
- टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर कळ येणं : हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. चालणं किंवा ओझं एकदम वाढल्यावर असं होतं.
- जळजळ, मुंग्या, बधिरपणा : नस दबलेली असू शकते किंवा शुगरमुळे नसा खराब झालेल्या असू शकतात. सुन्न डाग असतील तर कुष्ठरोगाची तपासणीही करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.
- तरुण वयात दोन्ही टाचा दुखणं आणि सकाळी कंबर अर्धा तासापेक्षा जास्त आखडलेली राहणं : हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. रक्ततपासणी लागते.
- ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच दुखणं : हाडाच्या वाढीच्या जागेवर ताण आल्याने होतं. डॉक्टरांना दाखवून खेळ काही दिवस कमी करावा.
- कुरूप, भेगा, आत राहिलेला बाभळीचा काटा : आधी टाच उजेडात नीट पाहून घ्यावी.

व्यायाम : कोणता, किती, कसा?

फिजिओथेरपी म्हणजे मालिश किंवा मशीनचा शेक, असा समज आहे. टाचदुखीच्या बाबतीत फिजिओथेरपीचं मुख्य काम व्यायाम शिकवणं आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवणं हे आहे. खालचे व्यायाम घरी करता येतात. जमल्यास पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून करून पाहावेत.

१) तळव्याच्या पट्ट्याला ताण (रोज ३ वेळा)

खाटेवर किंवा खुर्चीवर बसावं. दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर आडवा ठेवावा. हाताने पायाची पाचही बोटं मुळाशी धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. दुसऱ्या हाताने तळवा चाचपला तर दोरीसारखा ताणलेला पट्टा हाताला लागतो. तो लागला म्हणजे ताण बरोबर बसतोय. १० आकडे मोजेपर्यंत धरावं, सोडावं. असं १० वेळा.

पहिली फेरी सकाळी जमिनीवर पाय टेकवण्याच्या आधी अंथरुणातच करावी. बाकी दोन फेऱ्या दुपारच्या सुट्टीनंतर उठण्याआधी आणि रात्री. २००३ साली १०१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात आठ आठवडे हा व्यायाम करणाऱ्यांना, फक्त पोटरीचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. दोन वर्षांनी पुन्हा विचारणा केली तेव्हा त्यातल्या बहुतेकांचं समाधान टिकून होतं.

२) पोटरीला ताण (रोज २ वेळा)

भिंतीला दोन्ही हात टेकून उभं राहावं. दुखरा पाय मागे, दुसरा पुढे. मागच्या पायाचा गुडघा सरळ, टाच जमिनीला पूर्ण टेकलेली, पाऊल सरळ पुढे. आता पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकावं. मागच्या पोटरीत ताण जाणवला की ३० आकडे मोजेपर्यंत थांबावं. ३ वेळा करावं. मग मागचा गुडघा थोडा वाकवून तसंच ३ वेळा. गुडघा वाकवल्यावर पोटरीचा खोल स्नायू ताणला जातो. हिसके देऊ नयेत. शेतात भिंत नसली तर झाडाचा बुंधा किंवा ट्रॉलीचा फाळका धरूनही हे जमतं.

३) टाचा उचलणं (दिवसाआड)

वरचे दोन व्यायाम आखडलेपणा कमी करतात. हा तिसरा पट्ट्याला आणि पोटरीला ताकद देतो. कष्टाचं काम करणाऱ्याला याची गरज जास्त आहे, कारण त्याला पुन्हा तेच ओझं उचलायचं असतं.

जिन्याच्या पायरीवर किंवा पक्क्या ओट्याच्या कडेवर चवडा ठेवावा, टाच बाहेर मोकळी. टॉवेलची छोटी गुंडाळी करून बोटांखाली ठेवावी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घ्यावा. ३ आकड्यांत टाच हळूहळू वर न्यावी, २ आकडे वर थांबावं, ३ आकड्यांत हळूहळू खाली यावं. सुरुवातीला दोन्ही पायांवर भार घेऊन १२ वेळा, असे ३ फेरे. जमायला लागलं की फक्त दुखऱ्या पायावर. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत थोडं वजन घ्यावं आणि १० वेळांचे ४ फेरे करावेत. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळांचे ५ फेरे. एक दिवस करायचं, एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशीच झीज भरून निघते.

ही पद्धत डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासातून आली आहे. त्यात तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे ज्याला ताकदीचा व्यायाम झेपत नाही, त्याने नुसता ताणाचा व्यायाम नेटाने केला तरी फायदा आहे. आराम थोडा उशिरा पडतो इतकंच.

४) बाटलीवर तळवा फिरवणं (संध्याकाळी)

पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली आडवी ठेवून बसल्या बसल्या तळव्याखाली ५ मिनिटं मागेपुढे फिरवावी. फ्रीज असेल तर बाटली गोठवून, वर कापड गुंडाळून वापरावी. ठणका कमी होतो. हा आराम तात्पुरता आहे, पहिल्या तीन व्यायामांना तो पर्याय नाही.

व्यायाम करताना दुखलं तर?

थोडं दुखणं चालतं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, असं धरलं तर चारपर्यंतचं दुखणं चालेल. कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचा व्यायाम किंवा काम जास्त झालं असं समजावं आणि एक पायरी खाली यावं. व्यायाम पूर्ण बंद करू नये.

काम चालू ठेवून टाच कशी सांभाळायची?

टाचेला पूर्ण विश्रांती नको, भार थोडा कमी हवा. त्यासाठी कामानुसार काही बदल करता येतात.

ऊसतोड : टोळीत तोडणं, मोळ्या बांधणं, भरणी अशी कामं असतात. टाच दुखत असेल तर काही दिवस जोडीदाराशी किंवा मुकादमाशी बोलून डोक्यावरून मोळी वाहण्याची पाळी कमी करून घ्यावी, तोडणी-बांधणी जास्त करावी. खाडा टाळून भार कमी करायचा हा मार्ग आहे. मोळी घेऊन चढताना शिडीची आडवी पट्टी थेट तळव्यात रुतते, म्हणून पातळ चपलेऐवजी कडक तळाचा बूट घालावा. हंगामाला जाणाऱ्यांनी टाचा उचलण्याचा व्यायाम निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून सुरू केला, तर पहिल्या पंधरवड्याचा भार पायाला झेपतो.

खुरपणी, कांदा काढणी : चवड्यावर बसण्याऐवजी छोटा पाट किंवा पाचट भरलेलं पोतं बुडाखाली घ्यावं. दर अर्ध्या तासाने उभं राहून पोटरीला ताण द्यावा. जिथे ओळीत अंतर आहे तिथे उभ्याने चालवायचं सायकल कोळपं वापरावं.

हमाली, बांधकाम : ट्रकवरून उडी मारू नये, पायरी किंवा फळी लावून उतरावं. स्लॅबच्या दिवशी घमेली देताना एकाच जागी उभं राहण्यापेक्षा साखळीतली जागा अधूनमधून बदलून घ्यावी. एकदम दोन गोण्या उचलण्यापेक्षा एकेक उचललेली बरी.

वाहक, आचारी, दुकानदार, गिरणीवाले : कडक फरशीवर उभं राहायचं असेल तर पायाखाली रबरी चटई किंवा घडी केलेलं पोतं टाकावं. एक पाय विटेवर, दुसरा जमिनीवर, थोड्या वेळाने बदल. वाहकांनी दोन थांब्यांच्या मध्ये शक्य तेव्हा बसून घ्यावं.

आशाताई, अंगणवाडी सेविका, पोस्टमन : घरोघरी फिरायचं असेल तेव्हा सपाट चपलेऐवजी बूट घालावेत. सगळी लांबची घरं एकाच दिवशी न घेता दोन दिवसांत वाटून घ्यावीत.

सगळ्यांसाठी एक नियम सारखाच आहे. चहा, जेवण किंवा सुट्टीनंतर उठण्याआधी पावलं वर-खाली दहा वेळा हलवावीत, बोटं मागे ओढावीत आणि मगच उभं राहावं.

चप्पल-बूट कसे असावेत?

- टाचेकडे चवड्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच आणि मऊ तळ.
- बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांजवळ वाकावा. मधोमध दुमडणारा घेऊ नये.
- मागून टाच घट्ट धरणारा. अंगठ्याने पकडून ठेवावी लागणारी सैल चप्पल नको.
- सपाट जागी ठेवून मागून पाहावं. टाच एका बाजूला झिजली असेल तर बदलावा.
- घरात वापरायला वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवावी. स्वयंपाक उभ्याने होत असेल तर ओट्यापाशी मऊ चटई टाकावी.

बुटात घालायचे तयार इनसोल किंवा सिलिकॉनचे टाचपॅड औषधाच्या किंवा चपलांच्या दुकानात मिळतात. पायाचं माप घेऊन खास बनवलेले महागडे इनसोल आणि दुकानातले तयार इनसोल यांत टाचदुखीच्या आरामात फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आधी स्वस्त वापरून पाहावेत. गमबूट घालणाऱ्यांनीही आत इनसोल टाकावा. इनसोलने आराम मिळतो, पण व्यायाम त्यासोबत करावाच लागतो.

गोळ्या, इंजेक्शन, मशीन : काय घ्यावं, काय टाळावं?

वेदनाशामक गोळी : फार ठणका असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस ठीक आहे. पण रोज गोळी खाऊन उन्हात काम करणं आणि पाणी कमी पिणं यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो, पोटात अल्सर होऊ शकतो. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असलेल्यांनी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

टाचेतलं स्टेरॉईड इंजेक्शन : याने काही आठवडे बरं वाटतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ८२ रुग्णांच्या एका अभ्यासात चौथ्या आठवड्याला इंजेक्शनवाल्यांचं दुखणं कमी होतं, पण आठव्या आणि बाराव्या आठवड्याला तो फायदा उरला नव्हता. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होऊ शकते आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो. शुगर असलेल्यांची शुगर काही दिवस वाढते. टाचेत सुई देणार असतील तर "हे स्टेरॉईड आहे का? याआधीचं धरून हे कितवं?" असं विचारायला लाजू नये. घेतलंच तर दुखणं कमी असलेल्या त्या दिवसांत व्यायाम नीट करावा, टाच बरी झाली समजून ओझं वाढवू नये.

मशीन : अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टच्या संघटनेने टाचदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती २०२३ सालची आहे. त्यात ताणाचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, चिकटपट्टी बांधणं, रात्री पाऊल काटकोनात धरणारा पट्टा यांना स्थान आहे. अल्ट्रासाउंडचा शेक मात्र करू नये असं म्हटलं आहे, कारण व्यायामाच्या फायद्यात त्याने भर पडत नाही. म्हणून कोणी नुसतं मशीन लावून दहा दिवसांचे पैसे घेत असेल आणि व्यायाम शिकवत नसेल, तर "मला घरी करायचे व्यायाम दाखवा" असं स्पष्ट सांगावं. महिनोन्महिने हट्टी राहिलेल्या दुखण्यासाठी शॉकवेव्ह नावाचा उपचार शहरात मिळतो, पण तो व्यायाम करून पाहिल्यानंतरचा टप्पा आहे.

घरगुती उपाय : गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची पद्धत गावोगावी आहे. शेकाने थोडा वेळ बरं वाटतं, दुखणं जात नाही. शुगरमुळे पाय बधिर असेल तर चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते, म्हणून अशांनी शेक घेऊ नये. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. बिब्ब्याचा चटका किंवा डाग देणं पूर्ण टाळावं. त्याने फोड येऊन जखम होते आणि टाचेवरची जखम भरायला वेळ लागतो.

उपचार कुठे घ्यायचे?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. तिथले डॉक्टर दुसरं काही कारण नाही ना, हे पाहतात आणि गरज असल्यास चिठ्ठी देतात. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, त्याला सरकारी कागदावर 'भौतिकोपचार' म्हणतात. काही उपजिल्हा रुग्णालयांतही ही सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

रोज जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं मजुराला शक्य नसतं, आणि टाचदुखीसाठी त्याची गरजही नसते. पहिल्या भेटीत व्यायाम शिकून घ्यावेत. परवानगी घेऊन मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढावा. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दाखवून व्यायाम वाढवून घ्यावा. आपण काय काम करतो, किती ओझं उचलतो, कोणती चप्पल घालतो हे न विचारता सांगावं. रोजची चप्पलच घालून जावं.

खाजगी फिजिओथेरपिस्टकडे जाताना त्यांनी बीपीटी ही पदवी घेतली आहे का आणि त्यांची नोंदणी आहे का, हे पाहावं. मालिश करणारा किंवा हाड बसवणारा म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे.

या खुणा दिसल्या तर थेट डॉक्टर

- उडी मारल्यावर किंवा पडल्यावर पाय टेकवताच येत नाही.
- टाचेच्या मागे 'तट्' असा आवाज होऊन पाऊल खाली दाबता येत नाही.
- टाच लाल, गरम, सुजलेली आहे किंवा सोबत ताप आहे.
- आडवं पडल्यावर, रात्री झोपेतही सतत ठणकतं.
- पाय बधिर झाला आहे किंवा मुंग्या वाढत चालल्या आहेत.
- शुगर आहे आणि पायाला जखम, फोड किंवा काळा डाग दिसतोय.
- गंजलेला खिळा किंवा काटा घुसला आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती दिवसांत बरं होतं?
पहिले दोन आठवडे फारसा फरक जाणवत नाही आणि इथेच बहुतेक जण व्यायाम सोडतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत सकाळची कळ कमी व्हायला लागते. बहुतेकांना काही महिन्यांत चांगला आराम पडतो. जुनं दुखणं असेल तर वर्षही लागू शकतं.

चालणं बंद करावं का?
नाही. वजन कमी करण्यासाठी वेगळं चालायला जाणाऱ्यांनी मात्र काही दिवस सायकल चालवावी. कामावर आधीच भरपूर पावलं होतात.

बरं झाल्यावर व्यायाम सोडला तर?
काम तेच राहणार असेल तर दुखणं परत येऊ शकतं. आठवड्यातून दोनदा टाचा उचलणं आणि सकाळचा अंथरुणातला ताण कायम ठेवावा.

ऑपरेशन लागतं का?
सहा महिने ते वर्षभर सगळे उपाय नीट करूनही फरक नसेल तेव्हाच त्याचा विचार होतो. अशी वेळ फार थोड्यांवर येते.

१२ आठवड्यांचा तक्ता (मोबाईलमध्ये जपून ठेवा)

- आठवडा १-२ : ताणाचे दोन्ही व्यायाम रोज. टाचा उचलणं दोन्ही पायांवर, १२ वेळा, ३ फेरे, दिवसाआड. चप्पल बदलणं, घरात अनवाणी चालणं बंद.
- आठवडा ३-४ : ताण रोज. टाचा उचलणं दुखऱ्या एका पायावर. झेपलं तर पिशवीत थोडं वजन, १० वेळा, ४ फेरे.
- आठवडा ५-८ : वजन वाढवून ८ वेळा, ५ फेरे. सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं दर रविवारी ० ते १० मध्ये लिहून ठेवणं.
- आठवडा ९-१२ : तोच व्यायाम चालू. कामातलं ओझं टप्प्याटप्प्याने पहिल्यासारखं. आकडा कमी होत नसेल तर ती नोंद घेऊन डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाणं.